आईचा हात लागला की लाईट जायची

सुरुवातीला घरात याची चेष्टाच व्हायची. घरघंटी दळत असायची, आई पिठाचा डबा बघायला खाली वाकायची, आणि फट् आवाज होऊन अख्खं घर बंद पडायचं. पंखा, फ्रिज, टीव्हीवरची बातम्या सांगणारी बाई, सगळे एका दमात गप्प. अर्धी ज्वारी मशीनच्या पोटात अडकलेली. बाबा दारामागच्या बोर्डापाशी जायचे, खाली पडलेलं बटण वर उचलायचे आणि म्हणायचे, "तुझ्या अंगात लई करंट आहे बघ."

"लग्नात कुठं गेल्ता मग हा करंट?" आई पदराला हात पुसत विचारायची. "तवा तर माझ्याकडं बघत बी नव्हता."

बाबांनी डबा काढला तर काही व्हायचं नाही. मी काढला तर काही व्हायचं नाही. आईने काढला की लाईट जायची. दर वेळी नाही, पण एवढ्या वेळा की शेजारच्या काकूंनाही पाठ झालं होतं. त्या भिंतीपलीकडून ओरडायच्या, "लावला का हात?"

आम्ही थेरगावात राहतो. डांगे चौकापासून आत, गल्लीतल्या चार मजली इमारतीत, भाड्याने. आई-बाबा लातूरकडून आले तेव्हा इथे शेतं होती म्हणतात. आता आमच्या आणि समोरच्या इमारतीमध्ये एवढीच जागा आहे की त्यांच्या कुकरची शिट्टी आमची समजून आई गॅस बारीक करते. इमारतीत सगळे कंपनीवाले. कोणी चाकणला, कोणी भोसरीला, कोणी तळवड्याला. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, म्हणून तो आमचा रविवार. त्या दिवशी जिन्यात पुरुष माणसं दिसतात, दुपारी मटणाचा वास येतो आणि सकाळपासून आमच्या दारात दळणाचे डबे लागतात.

बाबांची नोकरी गेल्यापासून घर त्या डब्यांवर चालत होतं. घरघंटी म्हणजे लहान कपाटाएवढं यंत्र, वर धान्य ओतायचं, खाली डब्यात पीठ पडतं. आई ज्वारी, गहू, नाचणी दळून द्यायची, थालिपिठाची भाजणी करून द्यायची. मी एका छोट्या कामगार संघटनेचं काम करते, त्यातून माझा बसपास आणि फोन निघतो, बाकी काही निघत नाही. तेव्हा घर आई चालवत होती. घरघंटी थांबली की घर थांबणार हे आम्हा तिघांनाही न बोलता माहीत होतं. म्हणून ती चेष्टा फार काळ टिकली नाही.

बाबांच्या नोकरीचं सांगायला हवं. चाकणच्या एका प्रेस शॉपमध्ये ते पत्र्याचे भाग ठोकायच्या प्रेसवर होते. त्या प्रेसच्या तोंडाशी उजेडाचा एक पडदा असतो. डोळ्याला दिसत नाही, पण हात त्यातून आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. पत्रा वाकडा लागला तरी थांबते, धूळ बसली तरी थांबते. थांबली की नग कमी निघतात. नग कमी निघाले की सुपरवायझरला वरून शिव्या. म्हणून सुपरवायझर सांगतो, "बायपास मार." एका वायरीचा तुकडा लागतो. मग पडदा असून नसल्यासारखा आणि प्रेस अखंड चालते. बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं अशा अखंड चाललेल्या प्रेसमध्ये गेली. चौकशी झाली. चौकशीत लिहिलं गेलं की कामगाराचा निष्काळजीपणा. ज्या ठेकेदारामार्फत ते कामाला होते त्याने नंतर त्यांना बोलावणं बंद केलं, काढलं असं कधी म्हटलं नाही. काढलं म्हटलं तर कागद द्यावा लागतो.

मी पत्रकं लिहायला तिथून लागले. सकाळच्या शिफ्टच्या बसेस जिथे थांबतात तिथे उभी राहून वाटते. "बायपास कोणाच्या सोयीचा?" हे माझं पहिलं पत्रक. लोक घेतात, घडी करून खिशात ठेवतात, काही जण त्यावर वडापाव ठेवून खातात. बाबांनी एकही कधी वाचलं नाही. "तुझ्या कागदानं माझी बोटं उगवणार हायेत का?" एवढंच एकदा म्हणाले. मी त्यावर भांडले. ते टीव्ही बघत राहिले.

तर बटण. आम्ही ते शोधायला बसलो तेव्हा बाबा बऱ्याच काळाने खुर्चीतून उठून काही करताना दिसले. त्यांनी जुना टेस्टर काढला, पक्कड काढली, स्टूल ओढलं. बोर्डात खालच्या ओळीत बारीक बटणं होती, एकेका खोलीसाठी. त्यातलं एकही पडत नव्हतं. पडत होतं ते वरचं जाडं, ज्यावर एक छोटं टेस्टचं बटणही असतं. आम्हाला दोन्हीतला फरक नीट माहीत नव्हता. बाबांच्या मते लोड जास्त झाला होता. फ्रिज, पाण्याचा हीटर, घरघंटी, सगळं एकदम.

मग एका गुरुवारी आम्ही सगळे प्लग उपटले. फक्त घरघंटी लावली. बाबांनी वर किलोभर गहू ओतले आणि बाजूला उभे राहिले. दळलं. डबा काढला, परत लावला. दळलं. मी डबा काढला. काही नाही. फ्रिज लावला, काही नाही. हीटर लावला, पंखे लावले, इस्त्री लावली, सगळं घर एकदम गरगरत होतं आणि बटण जागचं हललं नाही.

"झालं नीट," बाबा म्हणाले. "कुठंतरी लूज असणार, हलवाहलवीत बसलं."

आई मोरीतून आली. तिने ओल्या फडक्याने घरघंटीच्या पुढची फरशी पुसली, चपला उंबऱ्यापाशी काढल्या आणि डब्याला हात घातला.

फट्.

बाबांनी पक्कड स्टुलावर ठेवून दिली. मग आई म्हणाली, "मी काय करू आता? हात बांधून ठेवू का?"

तिच्या चपलांकडे त्या दिवशी आमच्यापैकी कोणी बघितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ती गोष्ट इतकी रोजची होती की दिसत नव्हती. पिठापाशी आई चप्पल घालून कधी उभी राहिली नाही. तिची आई जात्यावर बसायची तेव्हाही चपला बाहेर असायच्या. दळायच्या आधी खालची फरशी पुसून घ्यायची, कारण सांडलेलं पीठ ती झाडूने काढत नाही, हाताने भरते. बाबा उलट घरातही रबरी चपला घालून असतात. कंपनीत इतकी वर्षं बुटात काढली, त्यांना अनवाणी उभं राहवत नाही. आणि मी फरशी गार लागते म्हणून घालते. म्हणजे ओल्या फरशीवर अनवाणी पायांनी त्या यंत्राला हात लावणारं घरात एकच माणूस होतं.

वायरमन आणला. तो फोनवर बोलत आला, फोनवर बोलत गेला. मधल्या वेळात त्याने जाडं बटण बदललं. "जुनं वीक झालं होतं," म्हणाला. आईने चहा टाकला होता, तो न पिताच गेला. संध्याकाळी आईने डबा काढला आणि नवं बटण जुन्यासारखंच पडलं.

दिवाळी जवळ आली होती. भाजणीच्या मागण्या आल्या होत्या, दाराशी डबे वाढत होते. आई एक दळण काढायला तीन वेळा बटण उचलत होती. एकदा मशीन मधेच बंद पडून एका बाईच्या नाचणीत दुसरीचे गहू मिसळले, तर त्या बाईने जिन्यात उभं राहून ऐकवलं, "जमत नसेल तर सांगा ना काकू, चौकात गिरणी आहे." आईने ती नाचणी स्वतःच्या घरात ठेवून घेतली आणि तिला आपली दिली. रात्री जेवताना तिने अर्धीच भाकरी खाल्ली. बाबा तिच्या ताटाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी चाकणला पत्रकं वाटायला गेले आणि परत आले तर घर बदललेलं होतं. घरघंटी चालू होती, आई वाकून डबा काढत होती, लाईट जात नव्हती. बाबा खुर्चीत बसले होते, पण बसण्याची तऱ्हा वेगळी होती. कंपनीतून ओव्हरटाइम करून यायचे तेव्हा बसायचे तसे, पाय लांब करून.

"काय केलंत?"

"केलं की. शेवटी फॉल्ट बटणातच होता. लई नाजूक बनवत्यात आजकाल. उगाच पडतं."

"पण काय केलंत?"

"तुला कळणार हाय का? वायरिंगचं हाय ते."

आईने मला डोळ्याने गप्प केलं. बाबांचा चहा तिने त्या दिवशी कपात दिला, ग्लासात नाही.

त्यानंतर लाईट गेली नाही. दिवाळीची भाजणी झाली, दिवाळी झाली. बाबा जरा बाहेर पडायला लागले. जिन्यात लोक थांबवून त्यांच्याशी बोलायचे, कारण बटण काय फक्त आमचंच पडत नव्हतं. "काका, तुमचं बंद झालं म्हणे पडायचं? आमच्याकडे या ना एकदा." बाबा टेस्टर खिशात घालून जायचे. दोन बोटं नसलेल्या हाताने स्क्रू कसा धरायचा याची त्यांनी एक युक्ती काढली होती, अंगठा आणि करंगळीच्या मधे. वरच्या मजल्यावरच्या एका घरातून तर त्यांना जेवायला बोलावणं आलं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मग थंडीतला एक गुरुवार. मी घरी होते, कंपन्या बंद म्हणजे पत्रकंही बंद. आई गॅलरीत काहीतरी धूत होती, घरघंटी चालू होती. तिथून तिचा आवाज आला, "जरा डबा बघ गं माय, भरला असंल."

मी उठले.

"चप्पल काढ आधी!"

मी चप्पल काढली. फरशी नुकती पुसलेली, ओली. एका हाताने घरघंटीच्या कडेला धरलं आणि दुसरा डब्याला घातला.

पुढचं मला नीट क्रमाने आठवत नाही. दंडात कोणीतरी लोखंडी साखळी ओढतंय असं झालं. हात सोडायचा होता, सुटत नव्हता. ओरडायचं होतं, जबडा उघडत नव्हता. घरघंटीचा आवाज येत होता, तेवढा एकच. नंतर तो थांबला आणि मी खाली होते, गव्हाच्या पिठात. बाबा बोर्डापाशी उभे होते. मला धरायला न येता ते आधी मेन स्विचकडे धावले होते, आणि त्यांचं ते बरोबरच होतं. त्यांचा चेहरा पिठापेक्षा पांढरा होता.

आई धावत आली. माझ्या हाताकडे, तोंडाकडे, परत हाताकडे बघितलं. आणि मग ती जे म्हणाली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"अगं माय, पाट घ्यायचास की पायाखाली!"

"पाट?"

"मी पाटावर उभी राहून काढते ना डबा. आज धुऊन गॅलरीत टाकलाय म्हणून... ध्यानातच नाही राहिलं."

"पाटावर का?"

तिने बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मुंग्या येतात हाताला. ह्यांनी नीट केल्यापासून जरा जास्त येतात. पाटावर उभं राहिलं की नाही येत."

"आणि आधी? बटण पडायचं तेव्हा?"

"तवा एक हिसका बसायचा. मला वाटायचं, लाईट गेली म्हणून दचकले."

बाबा स्टुलावर चढले आणि बोर्डाचं झाकण काढलं. मी खालून बघत होते. जाडं बटण जागच्या जागी होतं, वर उचललेलं. पण आत येणारी वायर आणि बाहेर जाणारी वायर त्याच्या मागे एकमेकींना जोडलेल्या होत्या, वर काळी टेप व्यवस्थित गुंडाळलेली. वीज त्याच्यातून जातच नव्हती. ते नुसतं दिसायला होतं.

एवढ्या महिन्यांत आम्ही विचारत होतो, बटण का पडतं. आता सरळ सांगते, कारण हे कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. बारीक बटणं वायर वाचवतात. जाडं बटण माणूस वाचवतं. घरात गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक दिसला की ते पडतं. फरक पडतो म्हणजे मधल्या मधे ती कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली आहे. घरघंटीच्या हादऱ्याने आत एक वायर घासून उघडी पडली होती आणि सगळ्या पत्र्यात वीज उतरली होती. प्लगाच्या तिसऱ्या पिनेने ती जमिनीत जायला हवी. गेली नाही, म्हणून ती वाट बघत पत्र्यात थांबायची. आई यायची, ओल्या फरशीवर, अनवाणी. आणि तिच्या अंगातून वीज जायला लागली की बटण पडायचं. जितक्या वेळा आम्ही हसलो, वैतागलो, वायरमन आणला, तितक्या वेळा त्या बटणाने माझ्या आईला ओढून बाजूला काढलं होतं.

आणि बाबांनी त्याला बायपास मारला. पाटाने आईला वाचवलं. लाकडाच्या एका फळीने.

मी ओरडले. पत्रकात लिहिते ती सगळी भाषा मी त्यांच्यावर ओतली. तुम्हीच? तुमच्या हाताकडे बघा जरा, म्हटलं. सुपरवायझरला शिव्या देता आणि घरात सुपरवायझर होता? आई मधे पडली. "पुरे. माझ्यासाठी केलं त्यांनी."

"तुला मारलं असतं त्यांनी!"

"मेले का मी?"

बाबा स्टुलावरच बसले होते. बराच वेळ त्यांनी ती टेप उलगडायचा प्रयत्न केला, अंगठा आणि करंगळीच्या मधे धरून, ती निघत नव्हती. मग म्हणाले, "कंपनीत असंच करतात. मशीन थांबत असंल तर आधी... आम्हाला तेवढंच शिकवलं." आणि थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "बाकीच्यांची बी मीच केलीत."

मी बसलेली उठले. "किती घरं?"

"जवळजवळ सगळी."

मी आधी घरमालकाकडे गेले. ते इथलेच, मूळ गावातले, तळमजल्यावर राहतात. पार्किंगमध्ये खुर्ची टाकून उन्हाला बसले होते.

"इमारतीला अर्थिंग आहे का?"

"न्हाई कसं? हाय की. आमी सोता खड्डा खांदलाय, मीठ-कोळसा टाकून."

"कुठे?"

त्यांनी पायाने फरशी ठोकली. "हितं. वर टाईल्स बसिवल्या, म्हनून दिसत न्हाई एवढंच."

"आणि त्याची वायर?"

"आसंल की वायर बी. तुमी लई खोलात जाता बाई. भाड्यानं ऱ्हायचं तर ऱ्हावं सुखानं."

वायर मी शोधली. जिन्यालगतच्या पाइपांच्या बोळात हिरवी वायर चार मजले उतरून खाली येते आणि पार्किंगच्या छतापाशी संपते. टाईल्स बसवताना तोडली, परत जोडली नाही. टोकावर भिंतीचाच पिवळा रंग मारलाय. सगळ्या घरांच्या तिसऱ्या पिना त्या रंगवलेल्या टोकाला जोडलेल्या आहेत. मी त्यांना तिथे नेऊन दाखवलं. ते वर बघत राहिले. म्हणाले, "बगू. पावसाळ्याआधी बगू." मग म्हणाले, "आन् ती गिरणी घरात चालवायला आमी कवा परवानगी दिल्ती?"

हा त्यांचा न्याय. तोडलेली वायर त्यांची, पण गुन्हा आईच्या घरघंटीचा.

त्याच दुपारी बाबा निघाले. मी बॅटरी धरून मागे. मी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण एकटं पाठवायचीही हिंमत नव्हती. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडलं आणि हसल्या. "या काका. काय, पडायला लागलं का परत तुमचं?"

"नाही. तुमचं परत जोडायला आलोय."

"म्हणजे परत पडणार?"

"पडंल."

"मग? तुम्हीच म्हणालात ना, आता बिनधास्त चालवा म्हणून."

बाबा उंबऱ्यात उभे होते. मला वाटलं ते आता माझ्याकडे बघतील आणि मी पत्रकातलं काहीतरी सांगावं असं त्यांना वाटेल. त्यांनी बघितलं नाही. "माझं चुकलं होतं," म्हणाले. "मरंल कोणीतरी. बाजूला व्हा." काकू बाजूला झाल्या. मागून पुटपुटल्या, "आधी जोडायचं, मग तोडायचं. रिकामपण हो."

असं घराघरात. कोणी चहा विचारला नाही. दिवाळीआधी जे लोक त्यांना जिन्यात थांबवत होते, ते आता दारात घड्याळाकडे बघत उभे होते. एकाने विचारलं, "पोरीनं शिकवलं का हे?" बाबा म्हणाले, "पोरीला शॉक बसला." तो दारातून बाजूला झाला. बाबांची ती करंगळीची युक्ती त्या दिवशी नीट चालत नव्हती, स्क्रू सारखा पडत होता आणि मी तो शोधून परत त्यांच्या हातात देत होते.

आमच्या डोक्यावरच्या घराने आत घेतलं नाही. ज्यांनी जेवायला बोलावलं होतं तेच. तो चाकणला ऑपरेटर आहे, बायको घरी, मुलगी रांगायला लागलेली. नाइट शिफ्ट करून आलेला, डोळे लाल.

"काका, मस्त चालू आहे ना? कशाला उगाच उंगली करायची?"

"ऐक माझं. लहान लेकरू हाय घरात."

"लेकरू आहे म्हणूनच म्हणतो. रात्री पंखा बंद पडला की ती रडते, मग मला झोप नाही. झोप नाही तर मी प्रेसवर उभा राहू कसा? तुम्हाला माहीत आहे ना प्रेसवर काय होतं." आणि त्याने बाबांच्या हाताकडे बघितलं. मुद्दाम नाही, पण बघितलं.

दार लावून घेतलं त्याने. मागे मुलीचा हसण्याचा आवाज येत होता.

मी पत्रक लिहिलं. छोटं, एका पानाचं, जिन्यात चिकटवलं. जाडं बटण काय करतं, हिरवी वायर कुठे तुटली आहे, मालकाकडे सगळ्यांनी मिळून जायचं आहे, गुरुवारी सकाळी. गुरुवारी सकाळी मी आणि शेजारच्या काकू, दोघीच खाली उभ्या होतो. त्यातही काकू दूध आणायला निघालेल्या. पत्रक कोणीतरी अर्धं फाडलं, उरलेल्यावर मालकाने 'जिना स्वच्छ ठेवा' असं स्वतःचं चिकटवलं. मी वीज मंडळाला लिहिलं, तिथून उत्तर आलं की मीटरच्या पुढची वायरिंग ग्राहकाची जबाबदारी. ग्राहक म्हणजे मालक. मालक म्हणजे पावसाळ्याआधी बगू. पावसाळा येऊन गेला.

घरघंटी दुरुस्त झाली. घासलेली वायर बदलली, आत रबर घातलं. मेकॅनिक म्हणाला, अर्थिंग मिळेपर्यंत मी गॅरंटी देणार नाही. आईने ते ऐकलं आणि त्यावर जुनी चादर टाकली. मी म्हटलं, चप्पल घालून दळ. रबरी मॅट आणते. ती म्हणाली, "पिठापाशी चप्पल मला जमणार नाही." पण खरं कारण ते नव्हतं हे मला माहीत आहे. मी त्या यंत्रापाशी गेले की तिचा जीव उडतो. डबेवाल्या बायका चौकातल्या गिरणीत जायला लागल्या. आई आता सकाळी दोन घरी पोळ्या करायला जाते. लोकांच्या कणकेत हात घालते आणि घरी येऊन आमच्या पोळ्या करायला तिला कंटाळा येतो.

बाबा परत खुर्चीत. टेस्टर कुठे ठेवलाय विचारलं तर माहीत नाही म्हणतात.

परवा सकाळी बटण पडलं. मी बाहेर जायच्या गडबडीत इस्त्री करत होते, आई मोरीत होती, पंखा हळूहळू थांबला. मी सवयीने बोर्डाकडे गेले, हात वर केला.

"राहू दे," बाबा खुर्चीतून म्हणाले.

"उशीर होतोय मला."

"राहू दे म्हटलं ना. आधी बघ, कोणाचा हात कुठं लागला होता."

त्यांनी आईला हाक मारली. ती पहिल्या हाकेला बोलली नाही, दुसऱ्याला बोलली. हीटरची बादली उचलत होते, म्हणाली, ठीक आहे मी. बाबा तरीही उठून मोरीच्या दारापर्यंत गेले आणि ती दिसेपर्यंत तिथे उभे राहिले.

आमच्या घरात अंधार होता. डोक्यावर, ज्यांनी बाबांना आत घेतलं नव्हतं त्या घरात, मिक्सर चालू होता. आम्ही तिघंही वर बघत होतो.